किल्लीच्या भोकातली बाग

१

बाबांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि त्यांना जग नव्याने दिसायला लागलं. माझा धंदाच डोळ्यांचा. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी लोकांचे नंबर काढते. 'आता जास्त स्पष्ट की मघाशी?' हे वाक्य दिवसभर म्हणते. ऑपरेशननंतर माणसं खूश होतात हे मला ठाऊक होतं, पण बाबांचं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं झालं होतं. पट्टी निघाली त्या दिवशी ते खिडकीत उभे राहून समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघत राहिले.

"अगं भिंगरे, ही टाकी निळी आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी हिला करडी समजत होतो."

लहानपणी मी एका जागी बसायचे नाही म्हणून त्यांनी मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. केस पिकायला लागले तरी ते नाव सुटलेलं नाही.

बाबांनी सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात काढली. निसटलेला काना, उलटी वेलांटी, दोनदा आलेली ओळ. चूक शोधायची सवय त्यांच्या हाडीमासी खिळलेली. निवृत्तीनंतर ही सवय त्यांनी प्रवासात आणली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच; दादा त्याच्या संसारात, दूर. त्यामुळे सुट्टी मिळाली की कुठलंतरी लहान गाव निवडायचं, एक खोली भाड्याने घ्यायची आणि गल्ल्यांतून रमतगमत हिंडायचं, हा आमचा नेम. मोठी प्रेक्षणीय स्थळं बाबांना नकोत. "ती सगळ्यांनी वाचून झालेली पानं," ते म्हणायचे. त्यांना हवं असायचं ते कोपऱ्यातलं, कुणाच्या लक्षात न आलेलं.

त्या वर्षी आम्ही गेलो ते गाव उतारावर वसलेलं होतं. दगडी पायऱ्या, एकमेकांना खेटलेली घरं, गल्लीला गल्ली फुटलेली. पहिल्याच दिवशी बाबांना खजिना सापडला. एका कठड्याच्या गजांच्या ओळीत एकच गज उलटा बसवलेला. एका खिडकीखाली दगडात कोरलेली गोगलगाय, तीही अशा जागी की वाकल्याशिवाय दिसू नये. एका घराच्या छपरावर वारा दाखवणारा पत्र्याचा मासा, आणि त्याच्या शेपटीवर बसलेला खराखुरा पक्षी.

"कारागिराने मुद्दाम ठेवलेली चूक," गोगलगाईवरून बोट फिरवत बाबा म्हणाले. "कोणीतरी कधीतरी बघेल म्हणून."

त्यांच्या कोटाची कॉलर नेहमीसारखी एका बाजूने आत दुमडली गेली होती. मी ती सारखी केली. हे मी दिवसातून कितीदा करते त्याला गणती नाही.

२

दाराबद्दल आम्हाला बेकरीतल्या बाईने सांगितलं. बाबांनी तिच्याकडे गोगलगाईचं कौतुक केलं, त्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही हिरवं दार बघाच. गल्लीच्या टोकाला उंच भिंत आहे, तिच्यात. उघडत नाही, पण किल्लीच्या भोकातून बाग दिसते. आमच्या लहानपणी आम्ही रांगा लावायचो."

"आता नाही बघत?" मी विचारलं.

ती पाव कागदात गुंडाळत होती. "आता वेळ कुणाला आहे," ती म्हणाली.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी, खिडक्या नाहीत, नुसत्या पन्हळी. टोकाला दार. जाड लाकडाचं, हिरवा रंग पोपडे धरलेला. लोखंडी कुलपाचं भोक चांगलं मोठं, आणि त्याच्या वर, डोकं टेकेल अशा उंचीवर, रंग पार उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथे कपाळ टेकून आत पाहिलं होतं. बाबांना तो झिजलेला डागच इतका आवडला की आत बघायचं ते क्षणभर विसरले.

बारीक पाऊस पडत होता. मी त्यांच्यावर छत्री धरली. ते वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"बाबा?"

"बघ," बाजूला होत ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. एखाद्या लहान मुलाला उठवू नये म्हणून आपण बोलतो तसा.

मी डोळा लावला. एक सरळ पायवाट होती. दोन्हीकडे उंच झाडं, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. वाटेच्या शेवटी एक लहानसं घर, पिवळं दार, दारापुढे दोन पायऱ्या. सगळं इतकं नीट चौकटीत बसलेलं, की कोणीतरी याच भोकासाठी ती बाग लावली असावी असं वाटलं. वाटेवर वाळलेली पानं पडली होती आणि वाऱ्याने हलकेच सरकत होती.

"काय सुंदर आहे," मी म्हणाले.

"चूक दिसली का तुला?"

"कसली चूक?"

"पाऊस आत पडत नाहीये," बाबा म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. माझ्या पाठीवर छत्रीतून ओघळ येत होता. आतली पानं खरोखर कोरडी होती. त्यांची सरसर ऐकू येत होती.

"झाडं दाट आहेत," मी म्हणाले. "खाली थेंब पोचत नसतील."

"तसं असेल," बाबा म्हणाले. पण पटलं नाही तेव्हा ते मान जशी एका बाजूला करतात तशी त्यांनी केली.

३

दुसऱ्या दिवशी मी उठले तर बाबांचं अंथरूण रिकामं. खाली मालकीणबाई अंगण झाडत होत्या. त्यांचं आमच्यावर बारीक लक्ष असे, पण प्रेमाने. "तुमचे वडील केव्हाच बाहेर पडले," त्या म्हणाल्या. "चहासुद्धा घेतला नाही. म्हटलं, अहो, गाव कुठे पळून चाललंय?"

ते कुठे असतील ते मला सांगायला नको होतं. दारापाशी वाकलेले दिसले. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले नाहीत. "आज बागेत एक माणूस आहे," ते म्हणाले.

मी पाहिलं. पायवाट, झाडं, पिवळं दार. माणूस नव्हता.

"आत्ता होता. वाटेच्या पार शेवटाला. पाठमोरा. घराकडे चालला होता."

"घरात गेला असेल मग."

"दार उघडलं नाही," बाबा म्हणाले. "मी बघत होतो ना."

खोलीवर येऊन मी त्यांचे डोळे तपासले. सोबत काही साधनं नव्हती, पण आमच्यासारख्यांना एक टॉर्च आणि बोट पुरतं. बोट फिरवलं, एकेक डोळा झाकून खिडकीबाहेरच्या गोष्टी सांगायला लावल्या. बाबांनी पत्र्याच्या माशाचे खवलेसुद्धा मोजायला घेतले. नजर स्वच्छ होती. ऑपरेशननंतर काहींना डोळ्यांपुढे ठिपके तरंगताना दिसतात, दोरे दिसतात. एखादा ठिपका लांबच्या पाठमोऱ्या माणसासारखा भासणं अशक्य नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"ठिपका डोळ्याबरोबर हलतो," बाबा म्हणाले. "तो स्वतःच्या पायांनी चालत होता."

दुपारी ते आडवे झाले आणि मी न्हाणीघरात कपडे पिळत होते, तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज आला. खालून, भिंतीच्या पलीकडून. वाळल्या पानांवरून कोणीतरी चालत असावं तसा. मी नळ बंद केला. आवाजही थांबला. पुन्हा पिळायला घेतलं तर पुन्हा सुरू. मला हसू आलं. म्हटलं, माझ्याच ओल्या कपड्यांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. तरी उरलेले कपडे मी पिळले नाहीत. तसेच टपटपते दोरीवर टाकले.

४

पुढच्या दिवशी आम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं होतं. टेकडीवर एक पडका मनोरा होता, त्यात म्हणे आवाज घुमतो. बाबा अर्ध्या वाटेवर थांबले आणि म्हणाले, "तू हो पुढे. माझे गुडघे बोलायला लागलेत." मला बाबांचे गुडघे चांगले माहीत आहेत. मीही मागे फिरले.

गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. बाबांनी पाहिलं आणि लगेच सरळ झाले.

"जवळ आलाय," ते म्हणाले.

"कोण?"

"तोच. पाठमोराच आहे. चालतोय पलीकडेच. पण काल होता त्याच्यापेक्षा जवळ आहे. हे कसं होईल, सांग बघू मला."

मी डोळा लावला, आणि या वेळी तो होता. वाटेच्या मध्याच्या थोडा अलीकडे, पाठ आमच्याकडे. एकेक पाऊल सावकाश टाकत पिवळ्या दाराकडे चालला होता. पावलागणिक पानं वाजत होती. मी बघत राहिले. तो चालत होता आणि दार त्याला जवळ येत नव्हतं. उलट त्याच्या कोटावरची शिवण मला आधी दिसत नव्हती ती आता दिसायला लागली होती. मग डावा खांदा किंचित खाली. मग कॉलर. एका बाजूने आत दुमडलेली.

माझ्या हाताची बोटं आपोआप उठली, ती सारखी करायला.

मी मागे सरले. बाबा माझ्याकडे बघत होते. ऊन त्यांच्या तोंडावर होतं, डोळे बारीक केलेले.

"ओळखीचा वाटतो का तुला?" त्यांनी विचारलं. "मला काल रात्रभर वाटत होतं, की याला कुठेतरी पाहिलंय. आठवत मात्र नाही."

आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. आयुष्यभर ती दुसरेच बघतात. मी म्हणाले, "नाही बाबा. मला नाही ओळखू आला."

खोलीवर येऊन मी सामान बांधायला घेतलं. बाबांना सांगितलं, दुकानातून फोन आलाय, उद्या निघावं लागेल. त्यांनी वाद घातला नाही. तेच मला जास्त टोचलं. बाबा एरवी स्वल्पविरामावरूनही वाद घालतात.

५

निघायच्या सकाळी मी मालकीणबाईंना विचारलंच. मला एक साधं उत्तर हवं होतं. एखाद्या श्रीमंताची बाग, एखादा म्हातारा माळी, त्याची दुमडलेली कॉलर. जगात कॉलर दुमडणारे काय थोडे आहेत?

"ते हिरवं दार?" मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, ते आमच्याच कोठीचं. गल्लीतून वळसा पडतो म्हणून कळत नाही. तुमच्या न्हाणीघराच्या खालीच येतं ते. पण तिथे बाग कुठली?"

"भोकातून दिसते ना."

"दिसते म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी नाही कधी पाहिली. आमच्या सासूबाई घरातल्या कोणाला तिथे वाकू द्यायच्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं, आपल्याला इथे राहायचंय, म्हणायच्या."

त्यांनी किल्ली काढली. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही गल्लीत दारापाशी उभे राहा. मी आतून टकटक करते, म्हणजे आपल्याला कळेल की हेच ते दार." मला त्यांच्यासमोर हा खेळ मोडायचा होता. त्यांनी मान डोलावली आणि काठी घेऊन वळशाच्या रस्त्याने निघाले. मी त्यांना कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहिलं.

कोठीत कोळशाचा जुना वास होता. जागा इतकी अरुंद, की मी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागले असते. मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे. समोर ते दार, आतून आडव्या फळ्या ठोकून कायमचं बंद केलेलं. झाडाचं एक पानसुद्धा नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. चित्र असेल, म्हटलं. भोकात कोणीतरी पूर्वी बसवलेली काच असेल, काचेवर चित्र. जत्रेत डबा दाखवतात तसं काहीतरी. हलणाऱ्या पानांचंही काहीतरी कारण असेल.

मग मालकीणबाईंनी हातातला दिवा वर धरला आणि मला दाराची आतली बाजू नीट दिसली. भोकाच्या वर, फळ्यांच्या फटीत, लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. बाहेर होतं तसंच, पण जास्त खोल.

"इथून कोण बघतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "किल्ली माझ्या कमरेला असते." त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या.

मी दारावर टकटक केलं. बाहेरून उत्तर आलं नाही. "बाबा," मी हाक मारली. मग वाकले. कपाळ त्या झिजलेल्या जागी बरोबर बसलं. लाकूड कोमट होतं.

मला गल्ली दिसायला हवी होती. घरांच्या पाठी, पन्हळी. आणि अगदी जवळ बाबा. दिसले ते बाबाच. पण लांब, पाठमोरे, काठी न टेकता चालत निघालेले. दोन्ही बाजूंना काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. मी ओरडून हाक मारली. ते थांबले. खांदे किंचित वळले, जणू ते आता मागे बघणार. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला मला लाज वाटते. माझे स्वतःचे बाबा, आणि मला वाटलं, यांनी वळू नये.

मी सरळ झाले आणि मालकीणबाईंना जवळजवळ ढकलून बाहेर पळाले.

६

वळसा घालून गल्लीत पोचले तेव्हा मला धाप लागली होती. बाबा दारापाशीच होते. वाकलेले, डोळा भोकाला लावलेला, एक हात दारावर सपाट टेकलेला. काठी खाली पडली होती. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला बाबा. गाडी चुकेल."

ते सावकाश सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं, नव्या डोळ्यांनी, एकेक ओळ तपासत असल्यासारखं. मग दाराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा आहे. मग वाटलं ऊन लागलं. गाडीत ते खिडकीशी बसले, मी दिलेला पाव त्यांनी खाल्ला, आणि पाण्याची बाटली परत देताना म्हणाले, "तुम्हीही घ्या थोडं." परक्या सहप्रवाशाला म्हणावं तसं, अदबीने.

घरी आल्यावर मी दादाला बोलावलं. बाबांनी त्याला 'अरे गाढवा' म्हणून मिठी मारली, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाबांना सगळं आठवत होतं. वार, तारीख, छापखान्याच्या मालकाचे तोतरे बोल, आईच्या साडीचा रंग. माझा जन्म कुठल्या दवाखान्यात झाला तेही. फक्त डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून या कोण असं विचारलं, तेव्हा बाबा ओशाळले. "या माझी फार काळजी घेतात," ते म्हणाले.

"वय झालंय," दादा मला बाहेर म्हणाला. "असं होतं. एखादंच माणूस पुसलं जातं म्हणे. मनाला लावून घेऊ नकोस."

मी नाही लावून घेतलं. रोज त्यांचं जेवण केलं, औषधं दिली, डोळ्यांत थेंब घातले. थेंब घालताना ते मान मागे टाकून शहाण्यासारखे बसत आणि झाल्यावर "आभारी आहे" म्हणत. एकदा मी त्यांची कॉलर सारखी करायला हात पुढे केला, तर ते नकळत मागे सरकले. "राहू दे," ते म्हणाले. "ते माझी मुलगी करते."

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी काय पाहिलंत ते मला सांगा. मी रागावणार नाही."

त्यांनी हातांची घडी घातली. प्रूफ तपासताना शंका आली की लेखकाला ती कशी सांगावी हे ठरवताना ते असेच बसायचे.

"माझी मुलगी कोठीत गेली," ते म्हणाले. "आतून टकटक करते म्हणाली. टकटक झाली, म्हणून मी भोकातून पाहिलं. ती बागेत होती. पाठमोरी. मला वाटलं, हिला आत जायची वाट सापडली. मी हाक मारली. ती वळली. मला पाहून इतकी खूश झाली, की पानं उडवत धावत आली, दारापर्यंत. मी दारावर हात ठेवला. तिनेही पलीकडून ठेवला असणार, लाकूड कोमट लागलं. आणि तेवढ्यात," बाबांनी माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं, "तुम्ही मागून माझ्या खांद्यावर हात ठेवलात."

"मीच आहे ती. मी वळसा घालून आले."

"असं तुम्ही म्हणता," बाबा सौम्यपणे म्हणाले. "तुम्ही वाईट आहात असं मी कधीच म्हटलं नाही. सगळं जिथल्या तिथे आहे तुमचं. आवाज, चालणं, रागसुद्धा. पण मी जन्मभर हेच काम केलंय हो. पूर्ण पान बरोबर असतं, वाचणारा म्हणतो चूक कुठेय, आणि तरी मला ती दिसते."

"काय दिसतं?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

त्यांनी सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणाले.

त्यानंतर मी आरशासमोर जास्त वेळ घालवायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्याशी डोळा नेताना मी त्याच्या बुबुळात आधी माझंच प्रतिबिंब तपासायला लागले. मी कोठीत गेले हे मला आठवतं. वाकले हे आठवतं. सरळ होऊन कोठीतून बाहेर पळाले, मालकीणबाईंना धक्का लागला, हेही आठवतं. पण त्या पळण्यात मी कुठल्या दारातून बाहेर पडले, असं स्वतःला विचारलं, की मला मालकीणबाईंचं तोंड आठवत नाही. फक्त पायांखाली काहीतरी वाजत होतं एवढं आठवतं.

७

बाबा जेवेनासे झाले. भांडण नाही, हट्ट नाही. ताट नम्रपणे बाजूला सारायचे. "ती तिथे उपाशी उभी असेल," म्हणायचे. दादा म्हणाला दवाखान्यात ठेवू. मी म्हटलं, आधी एकदा मी त्यांना घेऊन जाते. शेवटी ते माझे वडील, आणि त्यांची गैरसमजूत दूर होणारच असेल तर तिथेच होईल.

मालकीणबाईंकडे आम्ही उतरलो नाही. गावात पोचलो ते थेट गल्लीत गेलो. दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाबांची पावलं झपझप पडत होती. इतक्या दिवसांत त्यांना असं चालताना मी पाहिलं नव्हतं. दाराशी जाताच त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "धरता का जरा?" म्हणाले, आणि वाकले.

मी त्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाबांचं तोंड मला बाजूने दिसत होतं. आधी ते शोधत होते. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. मग हळूहळू सगळं सैल पडलं. सुरकुत्यासुद्धा. थेंब न घालताच डोळ्यातून पाणी आलं.

"ती आहे?" मी विचारलं.

"आहे," बाबा म्हणाले. "दाराला टेकून बसलीय. वाळलीय फार."

"एकटीच आहे?"

त्यांनी डोळा भोकाला आणखी घट्ट लावला. "तो माणूस आहे मागे. पण तो तिच्याकडे वळून बघत नाही. ती हाक मारते, तरी नाही. कसा माणूस आहे, कोण जाणे."

मला ठाऊक होतं तो कोण आहे. मी सांगितलं नाही. मला फक्त त्यांचा हात धरावासा वाटला, पण तो दारावर टेकलेला होता.

बाबांनी ओठ भोकाजवळ नेले. आणि माझ्या कानांना ज्याची इतकी आस लागली होती तो आवाज त्यांच्या तोंडून निघाला, जुना, घरचा, जरा रागे भरणारा.

"अगं भिंगरे, रडू नकोस. मी आलोय ना. तू जेवलीस का?"

'नाही बाबा,' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

पण उत्तर दारापलीकडून आधीच आलं होतं. आवाज माझा होता.